पहिल्या पेशंटच्या आधी: मुंबईत फिजिओथेरपीचा प्रबंध उभा करताना

"मॅडम, स्टॅटिस्टिक्सची कुठली टेस्ट लावू?" दर वर्षी, बहुतेक फेब्रुवारीत, कोणीतरी लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या केबिनमध्ये येतं. एक्सेलमध्ये साठ पेशंट भरलेले, रकाने रंगवलेले. मी विचारते, "तुझा प्रश्न काय होता?" मग बराच वेळ पंख्याचाच आवाज ऐकू येतो.

हा लेख त्या फेब्रुवारीच्या खूप आधी वाचायचा आहे. फिजिओथेरपीत मास्टर्स करणाऱ्यांसाठी तो आहेच, पण मानसशास्त्रात एम.ए.चा शोधनिबंध लिहिणाऱ्यांनाही यातलं पुष्कळ लागू पडेल. शरीराची हालचाल आणि मनातली भीती यांचा संबंध तपासायचा असेल तर खरी मेहनत पहिला पेशंट येण्यापूर्वीच होते, आणि त्यातलीही अर्धी भाषेवर. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते: गुडघ्याची झीज झालेल्या बायका आणि जिन्याची भीती.

आधी ओपीडीत बसा, लायब्ररीत नंतर

विषय शोधायला विद्यार्थी थेट पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांचं संकेतस्थळ, उघडतात. मी त्यांना दोन आठवडे नुसतं ओपीडीत बसायला सांगते. वहीत फक्त पेशंटची वाक्यं लिहायची, निदान लिहायचं नाही.

अशाच एका वहीत एक मावशी सापडल्या. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक्स-रेत झीज मध्यम, मांडीच्या स्नायूंची ताकद वयाच्या मानाने बरी, तरी आठवड्यातून दोनदाच खाली उतरायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "दुखतं म्हणून नाही गं, पाय सटकेल म्हणून." या वाक्यात अख्खा प्रबंध आहे. दुखण्याची भीती, भीतीने टाळाटाळ, टाळल्याने स्नायू सैल, सैल स्नायूंमुळे आणखी दुखणं. या चक्राची मांडणी व्लायन आणि लिंटन यांनी 2000 मध्ये स्नायू-सांध्यांच्या जुनाट दुखण्याच्या, मुख्यतः कंबरदुखीच्या संदर्भात नीट करून दाखवली आणि पुढे ती गुडघ्यालाही वापरली गेली.

आता प्रश्न घट्ट करा. "व्यायामाचा गुडघेदुखीवर परिणाम" हा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. कोणाला, काय दिलं, कशाशी तुलना, काय मोजलं, किती आठवड्यांनी, हे पाच तुकडे एका वाक्यात आले पाहिजेत. उदाहरणार्थ: पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याची झीज असलेल्या आणि जिना टाळणाऱ्या बायकांमध्ये नेहमीच्या व्यायामाला जिन्याचा टप्प्याटप्प्याने सराव जोडला, तर आठ आठवड्यांनी हालचालीची भीती नुसत्या व्यायामापेक्षा जास्त कमी होते का? वाक्य लांबलचक आहे, असू दे. ते पाठ म्हणता आलं की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

मग लायब्ररी. पबमेड फुकट आहे, देशातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर आहेत, आणि सध्या देशात कोण काय करतंय ते सीटीआरआयच्या (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे उपचारांच्या अभ्यासांची नोंदवही) संकेतस्थळावर शोधता येतं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि शेजारच्या कॉलेजात तोच अभ्यास चालू असल्याचं व्हायव्हाला कळतं.

प्रश्नावली: इथे घाई करू नका

हालचालीची भीती मोजायला टँपा स्केल सर्रास वापरतात. सतरा वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 4 गुण, एकूण 17 ते 68. त्यातली 4, 8, 12 आणि 16 क्रमांकाची वाक्यं उलट्या दिशेची असतात, म्हणजे तिथे 1 चे 4 करून बेरीज करायची. हे विसरलेले प्रबंध मी पाहिलेत. बेरीज चुकली तरी आकडा दिसायला ठीकच दिसतो, म्हणून ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

पण मोठी अडचण बेरजेची नाही, भाषेची आहे. उलट्या दिशेचं वाक्य मराठीत आलं की नकारावर नकार चढतो. "मला जिन्याची भीती वाटत नाही" यावर "असहमत" म्हणजे नेमकं काय? डोकं खाजवावं लागतं ना? ओपीडीत तीन तास ताटकळलेल्या आजींनी ते का खाजवावं? त्या "हो हो" म्हणून मोकळ्या होतात. "सहमत" आणि "असहमत" हे शब्दही घरात कोणी बोलत नाही. लोक म्हणतात "पटतं", "नाही पटत", "थोडंफार पटतं".

म्हणून क्रम असा ठेवा. मराठी रूप आधीच कोणी तपासून ठेवलं आहे का ते शोधा. असेल तर ते वापरायची परवानगी मागा आणि स्वतःचं अजिबात करू नका. नसेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना ईमेल करा. मग दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, त्यातला एक जण आरोग्यक्षेत्राबाहेरचा. शाळेत मराठी शिकवणारी बाई मिळाली तर सोन्याहून पिवळं. दोन्ही भाषांतरांतून एक मसुदा बनवा. मूळ इंग्रजी कधीच न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा. सगळ्यांनी एकत्र बसून जिथे अर्थ घसरला तिथे दुरुस्त करायचं.

एवढं झाल्यावर विद्यार्थी थांबतात, आणि नेमकं इथेच थांबायचं नसतं. मसुदा घेऊन तीस-चाळीस पेशंटकडे जा. वाक्य वाचून दाखवा आणि म्हणा, "मावशी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." माझ्या एका विद्यार्थिनीला यातून कळलं की "व्यायाम" म्हटलं की बहुतेक बायकांच्या डोळ्यांपुढे योगासनं किंवा जिम येतं. दिवसभर पाणी भरणं, बाजारातून पिशव्या आणणं त्या शब्दात बसतच नाही. "शारीरिक हालचाल" म्हटलं तर ते सरकारी पत्रकासारखं वाटतं. शेवटी "उठबस, चालणं, घरचं काम" असं तिन्ही धरून लिहिलं, तेव्हा उत्तरं बदलली. रेल्वेच्या पुलाला कोणी ब्रिज म्हणतं, कोणी दादर (स्टेशनचं नाव नव्हे, पुलाचा जुना शब्द), कोणी नुसतंच "वरून जाणं". दुखण्याचंही तसंच: कळ, ठणका, चमक, आखडणं, भरून येणं ही पाच वेगळी दुखणी आहेत. एका "वेदना" शब्दात ती कोंबली तर पेशंट तुमच्या सोयीचं उत्तर देईल, स्वतःचं देणार नाही.

रोजच्या कामांतला त्रास मोजण्याचं साधनही जपून निवडा. वोमॅक या प्रश्नावलीत 24 प्रश्न आहेत: दुखण्याचे 5, आखडण्याचे 2, कामांचे 17. त्याला परवाना लागतो. कूस या दुसऱ्या प्रश्नावलीत 42 प्रश्न आहेत आणि ते फुकट वापरता येतं. वोमॅक बाथटबमध्ये शिरणं-निघणं आणि गाडीत बसणं विचारतं. मोरीत बादलीने अंघोळ करणाऱ्या बाईला बाथटब? पण म्हणून तो प्रश्न मनानेच काढून टाकायचा नाही. काढला की साधन मोडलं आणि इतर अभ्यासांशी तुलना गेली. साधन आहे तसं वापरा, आणि मांडी घालणं, पाटावरून उठणं, भारतीय संडास, लोकलच्या डब्यात चढणं यांचे चार-पाच प्रश्न वेगळ्या पानावर, वेगळ्या गुणांनी विचारा.

नववा प्रश्न

भीतीबरोबर उदासीही मोजायची म्हणून पीएचक्यू-9 ही प्रश्नावली जोडतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27. फुकट आहे, लहान आहे, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारण्याआधी "हो" आल्यावर काय करायचं ते लिहून ठेवलेलं असलंच पाहिजे.

माझ्याकडे नियम असा: फॉर्म गोळा करून शनिवारी गुण घालायचे नाहीत. पेशंट खुर्चीवरून उठण्याआधी नववं उत्तर पाहायचं. शून्यापेक्षा काहीही असेल तर अभ्यास तिथे थांबला. शांत जागी नेऊन बोलायचं, एकटं सोडायचं नाही, गाइडला फोन करायचा आणि त्याच दिवशी मानसोपचार ओपीडीत स्वतः सोबत जायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, तो छापलेली चिठ्ठी प्रत्येकीला द्यायची, उत्तर काहीही असो.

आणि कृपा करून हे प्रश्न कॉरिडॉरमध्ये विचारू नका. सून शेजारी उभी असताना सासू "मन लागत नाही" म्हणणार नाही, आणि सून तर त्याहून नाही.

चालण्याची चाचणी, गर्दीच्या वाटेवर

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीचे नियम अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2002 मध्ये छापले: 30 मीटरचा सपाट, सरळ रस्ता, दोन्ही टोकांना शंकू. पालिकेच्या रुग्णालयात सकाळी अकराला असा कॉरिडॉर शोधून दाखवाच. स्ट्रेचर येतं, नातेवाईक डबा घेऊन येतात, कोणीतरी केसपेपर खिडकी कुठे म्हणून तुमच्या पेशंटलाच थांबवतं. वीस मीटरवर भागवलं तर वळणं वाढतात आणि अंतर कमी भरतं. तरी चालेल, पण सगळ्यांसाठी तीच वीस मीटर, तीच वेळ, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहायचं. दुपारी तीननंतर ओपीडी रिकामी होते, त्या वेळेला मी पसंती देते.

प्रोत्साहनाची वाक्यंही ठरलेली असतात, दर मिनिटाला एक. "चला आजी, अजून थोडंसंच, शाब्बास!" हे प्रेमाने म्हटलं तरी अंतर वाढतं, आणि ते उपचाराचं श्रेय होऊन बसतं. मराठी वाक्यं आधीच ठरवून कागदावर चिकटवा. चप्पल कोणती होती ते नोंदवा. पहिल्या वेळी स्लीपर आणि आठ आठवड्यांनी स्पोर्ट्स शूज असतील तर तुम्ही बूट मोजले. दुसऱ्यांदा चालताना माणूस नुसत्या सवयीने थोडं जास्त चालतो, म्हणून शक्य असेल तर आधी एक सरावाची फेरी घ्या.

टाइम्ड अप अँड गो चाचणीत तीन मीटर जाऊन परत येऊन बसायचं. तिथे खुर्ची महत्त्वाची: हात असलेली, साधारण 46 सेंटीमीटर उंच. ओपीडीतली प्लॅस्टिकची खुर्ची रोज बदलते. एक खुर्ची निवडा, तिच्यावर नाव लिहा, कपाटात कुलूप लावून ठेवा. हसू नका, माझ्या खुर्चीवर तिसऱ्याच विभागाचा शिक्का सापडला होता.

किती पेशंट

साठ हा आकडा कुठून येतो कोणास ठाऊक. दोन गटांच्या सरासरीतला फरक शोधायचा असेल तर हातावर करता येईल असं सूत्र आहे: प्रत्येक गटात 16 गुणिले प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाचा) वर्ग, भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग. यात 80 टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरलेली असते. समजा भीतीच्या गुणांचं प्रमाण विचलन 8 आणि पेशंटला खरोखर जाणवेल असा फरक 4. मग 16 × 64 ÷ 16, म्हणजे एका गटात 64, दोन्ही मिळून 128. वीस टक्के गळती धरली तर 128 मध्ये वीस टक्के मिळवायचे नाहीत, 0.8 ने भागायचं: 160.

एकट्या विद्यार्थ्याला एका ओपीडीत 160 जड जातील. मग मोह होतो: फरक 4 ऐवजी 6 धरू, गटात 29 पुरतील. हे बहुतेक जण करतात, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. फरक पेशंटच्या आयुष्यातून ठरतो, तुमच्या रजिस्टरमधून नाही. परवडत नसेल तर दोन गटांची तुलना सोडा. भीती आणि चालण्याचं अंतर यांचा एकवेळचा संबंध तपासा, तोही चांगला प्रबंध होतो. किंवा दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीशी हातमिळवणी करा.

एथिक्स कमिटी आणि सही

अभ्यासाला परवानगी देते ती एथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या कमिटीत 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि त्यात कायद्याचा जाणकार व एक सामान्य माणूसही असतो. तो सामान्य माणूसच सगळ्यांत अवघड प्रश्न विचारतो: "पण ह्यांना आठ आठवडे यायला लोकलचे पैसे कोण देणार?" कल्याण-विरारहून येणाऱ्या पेशंटचा प्रवासखर्च द्यायला तत्त्वांची आडकाठी नाही. रक्कम अर्जात लिहा.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन प्रती. एक पेशंटने घरी न्यायची. वाचता येत नसेल तर अंगठा, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. पण कागदापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. मावशी म्हणतात, "तुम्ही सांगाल तिथे सही करते." ही संमती नव्हे, हा भिडस्तपणा आहे. उपचार करणाऱ्यानेच संमती मागितली तर "नाही" म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून संमती दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, आणि "नाही म्हणालात तरी उपचार आजच्यासारखेच मिळतील" हे वाक्य तोंडाने, केसपेपर त्यांच्या हातात परत देऊन म्हणावं. एक दिवस घ्या, घरी विचारा, असंही सांगा.

उपचाराचा अभ्यास असेल तर सीटीआरआयवर नोंदणी लागते. नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदवावं लागतं. नंतर आठवलं तर उशीर झालेला असतो. शुल्क नाही, पण शंका परत येतात, उत्तरं द्यावी लागतात. त्याला आठवडे धरा.

उपचार लिहून काढा

"नेहमीची फिजिओथेरपी" हे उपचाराचं वर्णन होत नाही. कोणी, कुठे, किती वेळ, किती वेळा, कशाने, घरी काय करायला सांगितलं, पेशंटने ते केलं की नाही, हे सगळं टिडिएर नावाच्या बारा मुद्द्यांच्या यादीवर ताडून बघा.

जिन्याचा सराव असा लिहिता येईल. पेशंटकडून आधी भीतीची उतरंड बनवून घ्या: पाटावरून उठणं, दोन पायऱ्या कठडा धरून, एक मजला, दुपारचा रिकामा स्टेशनचा पूल, आणि शेवटी सहाच्या गर्दीतला. उतरंडीतल्या प्रत्येक गोष्टीला 0 ते 10 भीतीचे गुण. सगळ्यात खालून सुरुवात, भीती निम्मी झाल्याशिवाय वर जायचं नाही. हा सराव फिजिओथेरपिस्ट शिकवू शकतो. उदासी किंवा आघात यांवरची थेरपी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची. दोन्ही हवं असेल तर त्यांना सहमार्गदर्शक घ्या. मुंबईत ते अवघड नाही. देवनारला टीआयएसएस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, कलिन्याला विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, आणि देशात फिजिओथेरपीचं शिक्षण ज्या केईएम रुग्णालयापासून रुजलं ते परळला.

पाऊस, मे महिना आणि गणपती

आठ आठवड्यांचा पाठपुरावा कॅलेंडरवर मांडा. मे महिन्यात पेशंट गावी. जून ते सप्टेंबर पाऊस. हिंदमाता चौकात पाणी भरलं की परळला कोणी येत नाही, आणि ज्यांना भीती जास्त त्याच आधी गळतात, म्हणजे गळतीही सारखी नसते. गणपतीत कोकणातली माणसं कोकणात. शेवटचा पेशंट फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत घेतला तर त्याचे आठ आठवडे एप्रिलमध्ये संपतात. म्हणून मी नोव्हेंबरला सुरुवात करायला सांगते, आणि त्या हिशोबाने कमिटीची तारीख मागे मोजते.

गट पाडायला "सम तारखेला व्यायाम, विषमला सराव" चालणार नाही. उद्या कोणता गट आहे हे कळलं की मन आपोआप पेशंट निवडायला लागतं. यादी संगणकाने काढलेली, क्रमांक घातलेले अपारदर्शक बंद लिफाफे, आणि उघडणारा दुसराच माणूस. मोजणाऱ्यालाही गट माहीत नको. पेशंटला सांगून ठेवा, "ताईंना सांगू नका हं, तुम्ही जिना करताय की नाही." त्यांना ते गुपित भारी आवडतं.

विश्लेषण आत्ताच लिहून ठेवा, एका परिच्छेदात. तुलना दोन गटांमधल्या फरकाची करायची. प्रत्येक गटाचं आधी-नंतर वेगवेगळं तपासून "इथे पी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) लहान, तिथे मोठा" म्हणणं ही सर्रास चूक आहे. मध्येच सोडून गेलेल्यांनाही ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजायचं. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, जामोवी फुकट आहे.

मग पाच पेशंटवर सगळं एकदा करून बघा, संमतीपासून शेवटच्या मोजणीपर्यंत, घड्याळ लावून. पाऊण तास लागेल असं वाटतं, दीड लागतो. हे पाच जण मुख्य अभ्यासात मोजायचे नाहीत.

पहिल्या दिवशीच्या पिशवीत: मोजपट्टी, दोन शंकू, स्टॉपवॉच आणि त्याचा सेल, मोठ्या अक्षरातली प्रश्नावली, वाचायचा जास्तीचा चष्मा, संमतीच्या दोन-दोन प्रती, शाईचं पॅड, 14416 च्या चिठ्ठ्या, पाण्याची बाटली, प्रवासखर्चाचे सुटे पैसे. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी मात्र गाइडच्या कपाटात, आणि लिफाफे दुसऱ्याच कोणाच्या तरी खणात.